शहराचा डीपी कसा वाचायचा, हरकत कशी घ्यायची: पहिल्यांदाच बघणाऱ्यांसाठी

डीपी जाहीर झाला की सगळ्या ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो, "आपल्या गटावर काही पडलंय का?" मग कुणीतरी एक धुरकट स्क्रीनशॉट टाकतो, त्यावर लाल पेनाने गोल, आणि पुढचे चार दिवस नुसत्या अफवा. डीपी म्हणजे विकास आराखडा, शहर पुढची वीस वर्षं कुठे आणि कसं वाढणार, कुठे घरं, कुठे कारखाने, कुठून रस्ता, शाळा-दवाखाना-मैदान कुठे हे ठरवणारा नकाशा आणि त्याच्यासोबतचा अहवाल. महाराष्ट्रात हे सगळं १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली चालतं, त्यालाच सगळे एमआरटीपी म्हणतात. मी बहुतेक उदाहरणं पुण्याची देणार आहे कारण तो पसारा मला त्यातल्या त्यात जास्त माहीत आहे, पण नगरपरिषद असो की महापालिका, पायऱ्या साधारण याच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लोक प्रारूप आराखडा आल्यावर जागे होतात. तोवर अर्धा निकाल लागलेला असतो. खरा खेळ होतो त्याच्या आधी, "सध्याचा जमीन वापर" नावाचा नकाशा बनतो तेव्हा, आणि तिकडे कुणी फिरकत नाही.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा: झोन आणि आरक्षण

नवख्या माणसाचा इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. झोन म्हणजे त्या पट्ट्यात मालकाने स्वतः काय करायला परवानगी आहे ते. निवासी, व्यापारी, औद्योगिक, शेती, असे. जमीन तुमचीच राहते. आरक्षण म्हणजे ती जागा सार्वजनिक कामासाठी हवी आहे, बाग, शाळा, भाजी मंडई, स्मशानभूमी, डेपो, आणि ती पुढे महापालिका किंवा ज्या खात्याचं नाव त्यापुढे लिहिलंय ते खातं ताब्यात घेणार. तिसरी गोष्ट डीपी रस्ता, तो आरक्षणाचाच भाऊ, फक्त लांबट.

म्हणजे "माझी जमीन यलो झोनमध्ये (नकाशात पिवळा, म्हणजे निवासी) आली" आणि "माझ्या जमिनीवर बागेचं आरक्षण पडलं" या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, भोवतालचा सगळा पट्टा पिवळा आणि मधोमध तुमच्या वीस गुंठ्यावर हिरवा ठिपका. आणि यलो झोन झाला म्हणजे उद्या इमारत उभी असंही नाही, पोचरस्ता लागतो, बांधकाम परवानगी लागते, नियम लागतात. मुंबई आणि आणखी काही भाग सोडले तर डिसेंबर २०२० पासून राज्यभर एकच नियमावली आहे, यूडीसीपीआर, तीही कधीतरी चाळून ठेवा.

इथेच एक सावधगिरी. "होणारा आर झोन" (आर म्हणजे रेसिडेन्शियल, निवासी) म्हणून प्लॉट विकणारे एजंट डीपीच्या वर्षात पावसाळी छत्र्यांसारखे उगवतात. प्रारूपात पिवळं दिसलं म्हणून पैसे देऊ नका, मंजूर होईपर्यंत ते बदलू शकतं. उलट दिशेने मात्र प्रारूप लगेच चावतं, कारण प्रारूप प्रसिद्ध झाल्यापासून बांधकाम परवानगी देताना त्याचा विचार करावाच लागतो, तशी कायद्यातच तरतूद आहे (कलम ४६). म्हणजे फायदा उशिरा, तोटा ताबडतोब.

पायरी १: घोषणा झाली का ते बघा आणि कागद जमवा

सुरुवात होते "आराखडा करण्याचा इरादा जाहीर करणे" इथून, कलम २३. राजपत्रात आणि स्थानिक पेपरात जाहिरात येते, त्यावरसुद्धा हरकती-सूचना देता येतात. मुख्य सभेत ठराव होतो तेव्हा स्थानिक पत्रकार एक छोटी बातमी देतात, तीच तुमची घंटा.

त्या दिवसापासून पुढचं जमवायला लागा: सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, गाव नकाशा, गटाचा मोजणी नकाशा असेल तर तो, आणि जुना मंजूर डीपी किंवा प्रादेशिक योजना जी काय लागू असेल ती. सातबारा आणि गाव नकाशा भूमी अभिलेखच्या साइटवर मिळतात. सध्याचा झोन कोणता हे कागदावर हवं असेल तर नगररचना विभागात अर्ज करून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या, फी फार नसते, फेऱ्या मात्र होतात.

काळ किती लागतो? कायद्याने घोषणेपासून दोनेक वर्षांत प्रारूप यायला हवं. प्रत्यक्षात पुण्याच्या जुन्या हद्दीचं बघा. आराखडा २००७ ते २०२७ चा, प्रारूप लोकांसमोर आलं २०१३ ला, त्यावर ८७ हजारांच्या घरात हरकती आल्या, २०१५ ला राज्य सरकारने तो महापालिकेकडून काढून घेतला आणि मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये. वीस वर्षांच्या आराखड्याची दहा वर्षं मंजुरीच्या आधीच गेली, आणि तेवढ्या काळात शहर काय थांबून राहतं का, त्याला वाटेल तिथे ते वाढलंच.

पायरी २: लोकसंख्येचं गणित स्वतः करून बघा

अहवाल दोनशे-तीनशे पानांचा असतो, घाबरू नका, आधी लोकसंख्येचं प्रकरण उघडा. तिथे अंकगणिती, भूमितीय, वाढीची वाढ अशा दोन-तीन पद्धतींनी पुढचा आकडा काढलेला असतो आणि मग त्यातला एक निवडलेला असतो. कुठला निवडला आणि का, हा पहिला प्रश्न. दुसरा, पाया कुठला. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे बहुतेक ठिकाणी पाया अजून २०११ चाच आहे. पुणे महापालिकेत २००१ ला २५.३८ लाख आणि २०११ ला ३१.२४ लाख लोक होते, त्यानंतर हद्दीत २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं आली. अशा ठिकाणी जुन्या आकड्यावरून सरळ रेघ ओढली की ती चुकणारच.

छोटं गणित सांगतो. समजा गावात आज ३ लाख लोक आहेत आणि २० वर्षांनी ६ लाख होतील असा अंदाज आहे. हेक्टरी सरासरी १५० माणसं धरली तर वाढलेल्या ३ लाखांना २००० हेक्टर नवी जागा लागेल, म्हणजे २० चौरस किलोमीटर. यात घरं, रस्ते, शाळा सगळं आलं. आता नकाशात नव्याने पिवळं किती केलंय ते मोजा. ५००० हेक्टर केलं असेल तर कुणाच्या तरी शेतीचा भाव वाढवायला केलंय असा संशय घ्यायला जागा आहे, आणि एवढ्या पसरलेल्या भागाला पाणी, ड्रेनेज, बस कोण देणार? पिवळं कमी केलं असेल तर गुंठेवारीला आमंत्रण. लोक राहायला येतातच, नकाशा परवानगी देवो न देवो.

मोकळ्या जागेचंही असंच. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरलीय. ६ लाख लोकांना १० ने गुणलं की ६०० हेक्टर होतात. आपल्याकडे इतकं क्वचितच कुणी दाखवतं, पण किती कमी पडतंय हा आकडा हरकतीत लिहिला की सुनावणी घेणाऱ्या समितीला उत्तर द्यावं लागतं.

पायरी ३: ईएलयू, म्हणजे सध्याचा जमीन वापर नकाशा

हीच पायरी महत्त्वाची, बाकी सगळं वाचायचा कंटाळा आला तरी एवढं वाचा.

प्रारूपाच्या आधी आज कुठल्या जमिनीवर काय आहे याचं सर्वेक्षण होतं, कलम २५. हल्ली उपग्रह चित्र किंवा ड्रोन घेऊन ऑफिसात बसून बरंच काम होतं, मग माणसं फिरून पडताळणी करतात, निदान करायला हवी. या नकाशात चूक झाली की ती पुढे वाहत जाते. चिंचेची बाग "मोकळी जमीन" दाखवली, चार घरांची वाडी सुटली, झाकलेला ओढा गायबच झाला, की पुढचा नियोजनकार आरक्षण टाकायला जागा शोधताना नेमका तिथेच बोट ठेवतो. त्याचं तरी काय चुकलं, त्याच्या नकाशात ती जागा रिकामी आहे.

मुंबईच्या २०३४ च्या आराखड्याचं आठवा. ईएलयू आला तेव्हाच कोळीवाडे, गावठाणं नीट दाखवली नाहीत म्हणून ओरड झाली होती. पुढे फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आलं त्यात इतक्या चुका निघाल्या की दोन महिन्यांत, एप्रिलमध्ये, मुख्यमंत्र्यांना ते बाजूला ठेवून दुरुस्त करायला सांगावं लागलं. सुधारित प्रारूप २०१६ ला आलं आणि मंजुरी २०१८ ला.

करायचं काय? तुमच्या भागाची ईएलयू शीट मागा, ऑनलाइन नसेल तर माहिती अधिकारात मागा. मग एक रविवार काढून दोघं-तिघं जण शीट हातात घेऊन चाला. आधी ओढे-नाले बघा. गाव नकाशात ओढा निळ्या किंवा तुटक दुहेरी रेघेने दाखवलेला असतो, सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवरही असतो, त्या दोन्हीवरून ओढा वरून खालपर्यंत बोटाने धरा आणि मग ईएलयूवर तोच मार्ग धरा. बरेचदा ओढा एखाद्या रस्त्यापाशी येतो आणि संपतो. पाणी काही संपत नाही. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याने जे केलं ते सगळ्यांना माहीत आहे, कित्येक माणसं गेली, आणि तोपर्यंत निम्म्या शहराला तो गटारच वाटत होता.

मग विहिरी, टेकडीचा उतार, खाणीचे खड्डे, वहिवाटीची वाट, मंदिर-दर्गा, स्मशानाची जागा, आठवडी बाजार भरतो ती मोकळी जागा. बाजार हमखास सुटतो कारण सर्वेक्षणवाले सोमवारी आले आणि बाजार गुरुवारी. गुगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं बघता येतात, २०१० ला काय होतं आणि आता काय आहे याचे दोन स्क्रीनशॉट शेजारी-शेजारी लावले की भांडण निम्मं होतं.

सापडलेल्या चुका लगेच लेखी द्या. इथे तीस दिवसांची मुदत वगैरे नसते, प्रारूप बनायच्या आत पोचलं पाहिजे एवढंच. नगररचना विभागात आवक नंबर घेऊन.

पायरी ४: प्रारूप आलं, आता नकाशा वाचा

आधी सूची बघा, रंग पाठ आहेत असं समजू नका. सर्वसाधारणपणे पिवळा निवासी, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, हिरवा शेती किंवा मोकळी जागा, पण छटा आणि रेघोट्या बदलतात आणि घोटाळा छटांमध्येच असतो. प्रत्येक आरक्षणाला नंबर असतो, त्या नंबरची ओळ अहवालाच्या तक्त्यात शोधा: कशासाठी, किती क्षेत्र, कोण ताब्यात घेणार. नकाशा आणि तक्ता जुळत नसेल तर तीच एक हरकत झाली.

मग जुना डीपी शेजारी ठेवा आणि काय गायब झालं ते शोधा, हे नव्या आरक्षणांपेक्षा जास्त महत्त्वाचं. जुन्या आराखड्यातलं मैदान उठून तिथे गुपचूप निवासी झालं असेल तर त्या मालकाची तक्रार नसणार, ओरडणार कोण? तुम्हीच. बहुतेक लोक फक्त स्वतःचा गट बघतात आणि नकाशा मिटतात, त्यामुळे सगळ्यांच्या वाटणीची जागा जाते ती अशी.

रस्ते बघताना रस्त्याची रुंदी एका गटातून दुसऱ्यात जाताना अचानक कमी होते का, कुणाची तरी जमीन वाचवायला वळण घेतलंय का, ते बघा. मला विचाराल तर वाकडा डीपी रस्ता हा सगळ्यात बोलका पुरावा असतो.

नदीकाठी असाल तर पूररेषा. निळी रेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्याच्या आत नवं बांधकाम नको, निळ्या आणि लाल रेषेच्या मधे अटींवर. या रेषा जलसंपदा खातं आखून देतं, त्या कुठल्या वर्षीच्या आहेत ते विचारा. आणि ओढ्यांना बहुतेक ठिकाणी पूररेषाच नसते हे लक्षात ठेवा.

टेकड्यांबद्दल जरा. १९९७ ला पुण्यात आलेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यान, म्हणजे बीडीपी, दाखवलं, ९७८ हेक्टर, आणि मोबदला ठरला ८ टक्के टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. टेकडी वाचावी असं मलाही वाटतं. पण एवढ्या मोबदल्यात कुठला मालक खुशीने जमीन देईल, आणि ताबा न घेता नुसतं हिरवं रंगवून ठेवलं की रात्रीतून पत्रे उभे राहतात ते थांबवणार कोण? आरक्षण बघताना मोबदला कशातून देणार आणि कधी, हे अहवालाच्या खर्चाच्या प्रकरणात शोधा. बहुतेक वेळा तिथे एक मोठा आकडा असतो आणि तो कुठून येणार ते नसतं.

टीपी स्कीम (नगररचना योजना) दाखवली असेल तर लगेच विरोध करू नका. त्यात सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते-सुविधा काढून साधारण निम्मी जमीन नीट आखलेल्या प्लॉटच्या रूपात परत मिळते. ही पद्धत आपल्याकडे १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून आहे, हल्लीची चर्चेतली म्हणजे पुण्याजवळच्या माण-म्हाळुंगेची.

पायरी ५: हरकत लिहिणं

मुदत साधारण ३० दिवस, नेमकी तारीख जाहिरातीत बघा आणि शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, त्या दिवशी खिडकीवर जत्रा असते. "हा आराखडा बिल्डरधार्जिणा आहे, रद्द करावा" असलं लिहून काही होत नाही, ते भाषणात ठीक. एका अर्जात एकच मुद्दा आणि काय बदल हवा ते स्पष्ट. नमुना म्हणून काल्पनिक नंबर टाकून देतो:

"शीट क्र. ४ मध्ये गट नं. ११२ वर प्राथमिक शाळेचं आरक्षण क्र. ३७ प्रस्तावित आहे. गाव नकाशानुसार सदर गटातून ओढा उत्तर-दक्षिण सलग वाहतो. ईएलयू नकाशात तो रस्त्यापाशी खंडित दाखवला असून त्यामुळे आरक्षणाचा पश्चिमेकडील भाग ओढ्याच्या पात्रात येत आहे. सबब, ओढा सलग दाखवण्यात यावा व आरक्षण शेजारील गट नं. ११५ या सरकारी पडीक जमिनीवर स्थलांतरित करावे. सोबत: गाव नकाशा, पावसाळ्यातील फोटो, उपग्रह चित्र. सुनावणीत बाजू मांडण्याची संधी मिळावी."

बघा, यात कुणाला शिवी नाही, आणि शाळाच नको असंही म्हटलेलं नाही, जागा सुचवलीय. "माझ्यावर नको" म्हणणाऱ्याला समिती उभं करत नाही, "इथे नको, तिथे करा, कारण हे" म्हणणाऱ्याचं निदान ऐकते. शेवटचं सुनावणीचं वाक्य विसरू नका. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक नंबर घ्या, ती प्रत जपा. पाचशे जणांच्या सारख्या झेरॉक्सचा मुद्दा म्हणून एकच हिशोब होतो, आकडा पेपरात छापायला बरा दिसतो. त्यापेक्षा वीस वेगळे मुद्दे वीस जणांनी द्या.

पायरी ६: सुनावणी

नियोजन समितीपुढे होते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे चारपर्यंत तज्ज्ञ असतात. हजारो अर्ज असले की गटागटाने बोलावतात, तुमच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं. एकानेच बोला. आपल्या शीटचा तेवढाच तुकडा मोठा करून रंगीत प्रिंट न्या, ओढा निळ्या स्केच पेनाने काढलेला, आणि तो आधी टेबलावर पसरा, मग तोंड उघडा. नकाशा समोर असला की सदस्य वाकून बघतात, प्रश्न विचारतात, तेवढाच वेळ जास्त मिळतो. निकाल तिथे सांगत नाहीत.

पायरी ७: मंजुरी आणि त्यानंतर

समितीचा अहवाल, महापालिकेची सभा, मग राज्य सरकार. सरकारला मोठे बदल करायचे असतील तर तेवढा भाग वगळून बाकीचं मंजूर होतं आणि त्या भागावर पुन्हा हरकती मागवतात. याला ईपी (एक्सक्लुडेड पार्ट, वगळलेला भाग) म्हणतात. ही दुसरी संधी, आणि इथे माणसं झोपलेली असतात कारण सगळ्यांना वाटतं डीपी झाला एकदाचा. कधी कधी सगळ्यात मोठे बदल याच टप्प्यावर येतात.

तुमची जमीन आरक्षणात गेलीच तर तीन वाटा आहेत: रोख मोबदला, टीडीआर (दाटीच्या भागाबाहेर जागेच्या दुप्पट, दाटीच्या भागात तिप्पट), किंवा काही आरक्षणांत ठराविक भाग बांधून महापालिकेला द्यायचा आणि उरलेला स्वतः विकसित करायचा. आणि दहा वर्षांत कुणी ताबा घेतलाच नाही तर कलम १२७ ची नोटीस देता येते, त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. मालकाच्या दृष्टीने न्याय्य आहे. पण आपल्या भागातली मैदानं याच दाराने जातात, तेव्हा वॉर्डातल्या आरक्षणांची यादी करून प्रत्येकापुढे मंजुरीची तारीख लिहून ठेवा आणि आठव्या-नवव्या वर्षी नगरसेवकाला विचारायला लागा, बजेटमध्ये याला पैसे ठेवलेत का.

मंजुरीनंतर कलम ३७ खाली किरकोळ फेरबदल होत राहतात, त्याची जाहिरात पेपरात आतल्या पानावर बारीक अक्षरात येते आणि हरकतीला महिनाभर असतो. ग्रुपमधल्या एकाला जाहिराती बघायचं काम लावून द्या. आणि प्रारूप, ईएलयू, मंजूर, सगळ्या शीट पहिल्याच दिवशी डाउनलोड करून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवा, फाइलच्या नावात तारीख घालून, कारण साइट नवी होते तेव्हा जुन्या लिंक उघडत नाहीत.